दोन बोटं खाली

छत्तीस वर्षं मी शहाद्यात गाड्यांचे पाटे, स्प्रिंगा आणि शॉकअप यांचं काम केलं. एवढ्या काळात गाडी वर उचलून द्या म्हणणारी गिऱ्हाईकं किती आली त्याची गणती नाही. खाली करून द्या म्हणणारा एकच आला. त्याचीच हकिगत लिहायला बसलो आहे, पण त्याआधी आमच्याकडे लोक गाड्या वर का उचलतात ते सांगायला हवं, नाहीतर पुढचं सगळं फुकट जाईल.

आमच्या उत्तरेला सातपुडा आहे. धडगावकडे जाणाऱ्या जीपमध्ये जेवढी माणसं आत बसतात तेवढीच मागे लटकतात, आणि टपावर पत्रे, सायकली, कोंबड्यांच्या पाट्या. एवढं ओझं झालं की जीप मागच्या बाजूने बसते, दगडाला टेकते. मग मालक यायचा आणि म्हणायचा, मिस्तरी, एक पाटा वाढवा. पाटा म्हणजे वाकवलेली पोलादी पट्टी. अशा पाच-सहा पट्ट्या एकावर एक बांधल्या की कमान होते आणि त्या कमानीवर गाडी बसते. एक पाटा वाढवला की गाडी वर येते आणि ओझं पेलते. फक्त रिकामी असली की ती उडते, आणि आत बसलेल्याला पाठीचे मणके मोजून मिळतात.

हे मी एका अंडीवाल्याकडून शिकलो. नवापूरला कोंबड्यांच्या शेडी खूप. तिथल्या एकाने टेम्पोला हौसेने दोन पाटे वाढवून घेतले. चार दिवसांनी तो फुटक्या अंड्यांचा ट्रे आणून माझ्या टेबलावर ठेवून गेला. मी दोन्ही पाटे काढून दिले. पुढे कितीतरी वर्षं तो रस्त्यात भेटला की माझ्या कामाचा हिशोब अंड्यांत द्यायचा. या खेपेला तीन गेली, या खेपेला एकच. माझ्या कामाला इतकं नेमकं प्रशस्तिपत्र दुसऱ्या कोणी दिलेलं नाही.

तर स्प्रिंगचा धंदा हा एवढाच. नरम ठेवलं तर गाडी टेकते, कडक केलं तर आतला माल फुटतो. या दोन्हींच्या मधली जागा शोधण्यात माझं आयुष्य गेलं.

चेतन पाटील माझ्याकडे आला तो उन्हाळ्याच्या अखेरीस, सकाळी अकराच्या सुमारास. म्हसावदच्या अलीकडे त्यांचं गाव, गुजर समाजातलं मोठं बागायती घर. केळी, ऊस, थोडा कापूस. वडील अंबालालभाई माझ्या जुन्या ओळखीचे. त्यांच्या ट्रॅक्टर-ट्रॉलीचे पाटे मीच भरायचो. चेतन पुण्याला इंजिनिअरिंग करून परत आलेला, शेती उत्तम करणारा, आणि गाड्यांच्या बाबतीत पुरता वेडा. त्याने घेतलेली गाडी मी तोपर्यंत फक्त मोबाईलवर पाहिली होती. परदेशी बनावटीची, पांढरीशुभ्र, बांधा जीपचा आणि इंजिन शर्यतीच्या गाडीचं. सायलेन्सरची चार तोंडं. ती माझ्या दारात उभी राहून घरघरली तेव्हा शेजारच्या रसवंतीवाल्याने आपलं यंत्र बंद करून ऐकलं.

गाडीत पुढे अंबालालभाई आणि मागे त्यांच्या पत्नी जशोदाभाभी होत्या. सगळे शिरपूरला नातेवाइकांकडे निघाले होते. चेतनने डिकी उघडून एक खोकं काढलं. त्यात चार स्प्रिंगा होत्या, लालभडक रंगाच्या.

“काका, या बसवायच्या आहेत,” तो म्हणाला. “गाडी पस्तीस मिलिमीटर खाली येईल.”

मला वाटलं मी चुकीचं ऐकलं. खाली कशाला, असं विचारल्यावर त्याने मला समजावलं. टायर आणि मडगार्ड यांच्यामध्ये जी पोकळी दिसते ती वाईट दिसते म्हणे. गाडी खाली आली की पोकळी भरते, वळणावर गाडी कलत नाही, रस्त्याला चिकटून धावते. आणि चाकं थोडी बाहेर आली की छाती काढून उभ्या राहिलेल्या पैलवानासारखी दिसते. त्यासाठी त्याने चाकांच्या मागे स्पेसर घातले होते. स्पेसर म्हणजे अल्युमिनियमची जाड चकती. चाक ज्यावर बसतं त्या हबच्या आणि चाकाच्या मध्ये ती घालतात, म्हणजे चाक तेवढं बाहेर सरकतं.

“कोणी बसवले?” मी विचारलं.

“मीच. घरी, अंगणात. व्हिडिओ बघून.”

अंबालालभाई तोवर खाली उतरले होते. धोतर, पांढरी टोपी, हातात मोबाईल. ते गाडीकडे न बघता मला म्हणाले, “मिस्तरी, ऐंशीना वर गया का गाडीले थंडी वाजी ऱ्हायनी.”

म्हणजे ऐंशीच्या पुढे गाडी थरथरते. चेतन म्हणाला, बॅलन्सिंग करायचं राहिलंय, त्यामुळे असेल. गाडी लिफ्टवर घ्यायची म्हणून भाभींना उतरायला सांगितलं. तेव्हा चेतनने डिकीतून एक लाकडी स्टूल काढलं, दाराखाली ठेवलं, आणि बापलेकांनी दोन्ही बाजूंनी धरून भाभींना उतरवलं. त्यांचे गुडघे गेलेले. मी खुर्ची दिली. त्या बसल्या आणि पदर नीट करत दुसरीकडे बघत राहिल्या.

पुढचं डावं चाक मी स्वतः हाताने सोडायला घेतलं. या गाड्यांना नट नसतात, चाक थेट बोल्टने हबमध्ये आवळलेलं असतं. बोल्ट सोडताना मी नेहमी फेरे मोजतो. ही माझी सवय आहे, माझ्या उस्तादाने लावलेली. बोल्टने आतला आटा किती धरलाय ते फेऱ्यांवरून कळतं. आठ-नऊ फेरे निघाले की समजायचं, पकड चांगली आहे.

पहिला बोल्ट साडेतीन फेऱ्यांत हातात आला.

दुसराही तसाच. तिसरा तर तीन फेऱ्यांत. चकती करंगळीएवढी जाड होती, आणि तेवढीच बोल्टची पकड कमी झाली होती. दोन टनांहून जड गाडी, तीनशे घोड्यांची ताकद, आणि चाक धरून ठेवायला साडेतीन फेरे. ते लोक म्हसावदकडून शहाद्यापर्यंत आले होते आणि इथून शिरपूरला निघाले होते.

मी चेतनला बाजूला घेतलं आणि विचारलं की स्पेसरबरोबर लांब बोल्ट आले नव्हते का.

तो म्हणाला, “आले होते ना. मला वाटलं ते स्पेअर असतील.”

बोल्ट कुठे आहेत म्हटल्यावर त्याने डिकीतल्या कप्प्यातून पाकीट काढून दिलं. वीस बोल्ट, न उघडलेल्या पाकिटात. म्हणजे गाडी तिला लागणारं औषध स्वतःच्याच पोटात घेऊन थरथरत हिंडत होती.

मी त्याला ओरडलो नाही. त्याला फक्त एक जुना बोल्ट आणि एक नवा बोल्ट चकतीतून घालून दाखवला. जुन्याचं टोक पलीकडे किती येतं आणि नव्याचं किती. त्याने ते बघितलं, मग खुर्चीवर बसलेल्या आईकडे बघितलं, आणि तो आमच्या नळावर जाऊन बराच वेळ तोंड धूत राहिला. इंजिनिअर होता. गणित त्याला समजावून सांगायची गरज नव्हती.

अंबालालभाईंनी मला विचारलं काय व्हयनं. मी सांगितलं, बोल्ट आखूड होते, आता लांब टाकतो. ते म्हणाले, इंजिनिअरिंगले चार वरीस लागनात, बोल्टनं पाकीट फोडानं ते शिकाडतस नही का? मी हसलो नाही, कारण चेतन ऐकत होता.

हबवरचा गंज तारेच्या ब्रशने साफ केला, चकत्या नीट बसवल्या, लांब बोल्ट टाकून प्रत्येकाचे फेरे मोजले, आणि टॉर्क पान्याने आवळले. हा पाना ठरलेल्या जोरावर कट् असा आवाज करतो. त्यापुढे आवळायचं नाही आणि त्याआधी सोडायचं नाही. शंभर किलोमीटर चालवून पुन्हा आवळायला या म्हणून सांगितलं. गाडीची थंडी गेली. स्प्रिंगांसाठी मी त्यांना आठवड्याने बोलावलं, कारण मला स्वतःलाच आधी वाचून बघायचं होतं.

खरं सांगायचं तर मी त्याला नाही म्हणायला हवं होतं. त्याला मी अंडीवाल्याची गोष्ट सांगितली, गावातले गतिरोधक मोजून दाखवले, आरटीओ आणि विमा कंपनीला विचारून घे म्हणालो. त्याने सगळं ऐकून घेतलं आणि चौकशी करून कागद घेऊन आला. पण नाही म्हणालो नाही, कारण मला ते काम करून बघायचं होतं. छत्तीस वर्षं उलटं काम केल्यावर सुलटं करायची संधी समोर आली की मिस्तरीचा हात थांबत नाही. या धंद्यातला मोह हा असा असतो.

स्प्रिंग बदलणं वरवर सोपं, आत जीवघेणं. गाडीतली स्प्रिंग दाबलेल्या अवस्थेत असते. तिला शिकंज्यात धरून आणखी दाबायची, शॉकअपच्या डोक्यावरचा नट सोडायचा, आणि मग इंचाइंचाने तिला मोकळी करायची. शिकंजा घसरला तर ती समोरच्याच्या दातांशी किंवा छताशी बोलते. आमच्या छताच्या पत्र्यात एक वाटोळा पोचा आहे, तो अशाच संभाषणाचा. म्हणून मी स्प्रिंगच्या समोर कधी उभा राहत नाही, बाजूला राहतो, आणि तोंडाने गप्प राहतो.

पूर्ण दिवस गेला. शेवटी अलाइनमेंट केली, कारण गाडी खाली आली की चाकं वरच्या बाजूने आत झुकतात आणि टायर आतून खाल्ला जातो. हेडलाइटही जुळवले. गाडी जमिनीवर ठेवली, थोडी पुढेमागे केली, आणि ती हळूच बसली. दोन बोटं. मडगार्ड आणि टायर यांच्यामध्ये आता माझी तीन बोटं जेमतेम जात होती, आधी पाच जायची. मला कबूल केलं पाहिजे की ती सुंदर दिसत होती. रसवंतीवाला पुन्हा येऊन बघून गेला.

जुन्या स्प्रिंगा मी नव्या खोक्यात भरून चेतनला परत दिल्या. जुना सुटा भाग गिऱ्हाइकाला परत द्यायचा, हा माझ्या दुकानाचा नियम. गाडी न्यायला चेतनबरोबर अंबालालभाई आणि भाभीही आले होते, शहाद्याला बाजार करून. अंबालालभाईंनी गाडीभोवती एक फेरी मारली आणि विचारलं की चारही चाकांतली हवा एकदमच कशी काय गेली. मी त्यांना समजावण्यात गुंतलो होतो. भाभी गाडीत कधी जाऊन बसल्या ते माझ्या लक्षात आलं नाही. कोणाच्याच आलं नाही.

पुढचे दोन महिने चेतनच्या खबरा मला दुसऱ्यांकडून येत राहिल्या. तो प्रत्येक गतिरोधकावरून तिरका जातो, एक चाक आधी, मग दुसरं, जणू काही देवळाला प्रदक्षिणा घालतोय. मागे ट्रॅक्टरची रांग लागते. पाऊस सुरू झाल्यावर स्पेसरचा प्रताप दिसला. चाकं मडगार्डच्या बाहेर आल्यामुळे काळ्या मातीचा चिखल थेट दारांवर उडायचा. पांढरी गाडी गावात शिरताना म्हशीसारखी दिसायची, असं रसवंतीवाला सांगायचा. त्याचा साडू त्याच गावचा.

श्रावणात तो स्वतः आला. गाडी उभी केली, खोकं उतरवलं आणि म्हणाला, “काका, जुन्या स्प्रिंगा परत टाका.”

काय झालं ते त्याने हसून सांगायचा प्रयत्न केला, पण त्याला हसू येत नव्हतं. त्यांच्या केळीच्या बागेकडे जाणारा शिवाररस्ता आहे. ट्रॅक्टरच्या चाकांनी दोन्ही बाजूंना खोल चाकोऱ्या पडलेल्या आणि मध्ये गवताचा उंचवटा. केळीचा व्यापारी माल बघायला आला म्हणून चेतन त्याला रुबाबात आपल्या गाडीतून घेऊन निघाला. अर्ध्या वाटेत गाडीचं पोट उंचवट्यावर टेकलं आणि चारही चाकं जागच्या जागी फिरायला लागली. उलटं पडलेलं कासव पाठीवर अडकतं, तशी ही गाडी पोटावर अडकली. केळी कापणारी वीस माणसं घड खाली ठेवून बघत उभी राहिली. व्यापारी उतरून चालत गेला. शेवटी अंबालालभाई ट्रॅक्टर घेऊन आले आणि त्यांनी दोर बांधून गाडी मागे ओढली. चेतनला सगळ्यांत लागलं ते हे की वडील एक शब्दही बोलले नाहीत. नुसता दोर सोडून गुंडाळला आणि निघून गेले.

मी गाडी लिफ्टवर घेतली. पोटाखालचं प्लॅस्टिकचं आवरण फाटलेलं, इंजिनखालच्या तेलाच्या चेंबरला चार खरवडे. पण चेंबर शाबूत होतं. पुढची दोन्ही चाकं काढली, एक शॉकअप बाहेर घेतला, आणि खोकं उघडलं.

खोक्यात ठिबक सिंचनाच्या पाइपांचे जोड होते. वर वर्तमानपत्र, खाली चार विटा. वजन बरोबर जमवलेलं.

चेतन त्या विटांकडे बघत राहिला. घरी फोन लावला. अंबालालभाई म्हणाले त्यांना माहीत नाही. मग फोन आईकडे गेला. भाभी म्हणाल्या की घरात एवढं लोखंड आहे, कोणतं कुठे गेलं ते त्या कशाला बघतील. माझ्या दुकानात लिफ्ट एकच, आणि त्यावर चाकं काढलेली गाडी लटकत होती. चेतनला त्या दिवशी बँकेत काम होतं. मी म्हटलं, तू काम उरक, मीच घरी जाऊन शोधतो. स्प्रिंग कशी दिसते ते मला तरी ओळखू येईल. स्कूटर काढली आणि म्हसावदच्या रस्त्याला लागलो.

भाभी ओसरीवर वालाच्या शेंगा सोलत बसल्या होत्या. त्यांनी मला पाणी दिलं, मग चहा सांगितला. मी इकडेतिकडे बघत होतो. त्या म्हणाल्या, बघू नका भाऊ, सापडणार नाहीत. कपाशीच्या कोठीत तळाला आहेत, वर गाठोडी टाकलीत.

मी कप खाली ठेवला. विचारलं, तुम्ही ठेवल्या?

त्या शेंगा सोलत राहिल्या. मग म्हणाल्या, “भाऊ, पहिले माले दोन्हीजन पोतानागत वर लोटेत. लगनमां, बाजारमां, लोके देखेत. आते मी पाठ फिरावस, टेकस नि बसस. कोन्हा हात लागस नही.”

आधी दोघं त्यांना पोत्यासारखं गाडीत चढवायचे, लोक बघायचे. आता त्या दाराशी पाठ करून उभ्या राहतात, सीटवर टेकतात आणि पाय आत घेतात. मी स्पेसरच्या चकत्या, बोल्टचे फेरे, चाकांच्या झुकावाचे अंश सगळं मोजलं होतं. सीट जमिनीपासून किती उंच आहे आणि ती कोणाच्या कमरेला लागते, हे मोजायचं माझ्या डोक्यातही आलं नव्हतं. दोन बोटांनी काय होतं, असं मीच चेतनला म्हणालो होतो.

मग त्यांनी सांगितलं की गाडी आल्यापासून वर्षभर, अगदी टाळता येत नसेल तेव्हाच त्या घराबाहेर पडत होत्या. देवीच्या जत्रेला नको, भाच्याच्या साखरपुड्याला नको. गुडघे दुखतात असं सांगायच्या. गुडघे दुखायचे हे खरं, पण कारण ते नव्हतं. आणि गेले दोन महिने त्या दर गुरुवारी चेतनला घेऊन धानोऱ्याला बहिणीकडे जातात. चेतनला वाटतं आईला गाडीची हौस लागली.

मी म्हटलं की चेतनला सांगा, तो लगेच ऐकेल. चांगला मुलगा आहे.

“तोच घोर शे,” त्या म्हणाल्या. “त्याले सांगं तर तो दुसरी गाडी लई यी. माले गाडी नही पायजे, भाऊ. माले मन्हा हातपायवर बठनं शे.”

मुलगा दुसरी गाडी घेऊन येईल हीच त्यांची धास्ती; त्यांना स्वतःच्या हातापायांच्या बळावर बसायचं होतं, एवढंच. मी दरवाज्याकडे बघितलं तर अंबालालभाई तिथे उभे होते. केव्हापासून उभे होते देव जाणे. टोपी हातात होती. लोटणाऱ्या दोघांपैकी एक तेच होते, आणि बहुधा त्यांनाही आपण मदत करतोय असंच वाटत होतं.

त्यांनी टोपी डोक्यावर घातली. मला म्हणाले, चला मिस्तरी, रस्ता दाखवतो. आम्ही दोघं पायी त्या शिवाररस्त्यावर गेलो. जिथे गाडी अडकली होती तिथे गवत अजून खरवडलेलं दिसत होतं. ते गुडघ्यावर वाकून उंचवट्याकडे बघत राहिले आणि मग त्यांनी विचारलं, “कितला बोट काढना पडतीन?”

मी चाकोरीत पाय ठेवून मोजलं. म्हटलं, वरून सहा बोटं काढा आणि चाकोऱ्या मुरमाने सहा बोटं भरा. मग कोणतीही गाडी जाईल.

नंतर मला गावातून कळलं की त्या रस्त्याचा उंचवटा काढावा म्हणून शेजारचे शेतकरी दोनदा अंबालालभाईंकडे येऊन गेले होते. दोन्ही वेळा त्यांनी ट्रॅक्टरला काही अडत नाही म्हणून परत पाठवलं होतं. आता त्यांनी दुसऱ्याच दिवशी ट्रॅक्टरला मागे पातं लावून स्वतः चालवलं. मुरमाच्या बारा ट्रॉल्या पडल्या. कोणी विचारलं की अचानक काय झालं, तर म्हणायचे, केळीच्या ट्रकला त्रास होतो. शेजाऱ्यांनी त्यांना श्रीफळ दिलं. त्यांनी ते मुकाट्याने घेतलं.

मी मात्र त्या दुपारी रिकाम्या हाताने दुकानात परत आलो. चेतन वाट बघत होता. स्प्रिंगा सापडल्या का, असं त्याने विचारलं. मी आयुष्यात गिऱ्हाइकाशी खोटं बोललो नाही असं नाही, पण कामाबद्दल कधी खोटं बोललो नाही. मी म्हटलं, सापडल्या आहेत, पण मी आणल्या नाहीत. का ते घरी जाऊन आईला विचार, आणि विचारताना नव्या गाडीची भाषा करू नकोस.

शॉकअप पुन्हा चढवला, लाल स्प्रिंगा आत तशाच ठेवल्या. खालचं आवरण बदललं, चेंबरखाली पोलादी पत्रा बसवला. स्पेसर मात्र मी त्याला न विचारता काढले. चिखल दारावर उडत होता आणि भाभी त्याच दारातून चढणार होत्या. चाकं आत गेली तशी गाडीची छातीही आत गेली. चेतन हळहळला, पण वाद घातला नाही. आखूड बोल्ट परत लावताना मी फेरे मोजून त्याच्या हातात पाना दिला. प्रत्येक बोल्ट त्याने स्वतः आवळला.

त्या घरात त्या संध्याकाळी काय बोलणं झालं ते मला माहीत नाही, आणि विचारण्याची माझी हिंमतही नव्हती. दुसऱ्या दिवशी चेतनने फोन करून एवढंच विचारलं की सीट आणखी एक बोटभर खाली उतरवता येईल का. मी म्हटलं, ते काम माझं नाही, सीटवाल्याचं आहे, पण येईल. त्याने ते करून घेतलं.

मला एक खंत आहे ती सांगून टाकतो. आयुष्यभर मी जीपांच्या मागे पाटे वाढवले. त्या उंच झालेल्या जीपांमध्ये बाजारच्या दिवशी पाटी डोक्यावर घेऊन चढणाऱ्या म्हाताऱ्या मी रोज बघितल्या. कोणीतरी वरून हात ओढायचं, कोणीतरी खालून रेटायचं. मला तो जीप भरण्याचाच एक भाग वाटायचा. एकाही मालकाला मी सांगितलं नाही की पाटा वाढवतोय तर एक पायरीही खाली लावून घे. पायरी लावायला अर्धा तास लागतो.

गेल्या दिवाळीच्या आधी मी शहाद्याच्या बाजारपेठेत कापडाच्या दुकानासमोर उभा होतो. ती पांढरी गाडी आली आणि गर्दीत कशीबशी थांबली. चेतन इंजिन बंद करून आईचं दार उघडायला घाईघाईने गाडीला वळसा घालून धावला. तो पोहोचला तेव्हा जशोदाभाभी फुटपाथवर उभ्या राहून पदर सारखा करत होत्या. त्याला त्या म्हणाल्या की गाडी मध्येच उभी केलीस, लोकांनी जायचं कुठून, आधी ती नीट लाव. मग दार स्वतः ढकलून लावलं आणि दुकानाच्या पायऱ्या एक एक करत, कठड्याला धरून, चढू लागल्या. चेतन खाली उभा राहिला. हात पुढे करावा का, हे त्याच्या तोंडावर दिसत होतं. त्याने हात खिशात घातले आणि गाडी लावायला गेला.